क्वांटम भ्रमण आणि तर्कद्वारे : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

‘यादृच्छिक भ्रमण’ ही संज्ञा कार्ल पिअर्सन यांनी १९०५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात विचारलेल्या एका प्रश्नातून रूढ झाली. नाणे उडवून छाप पडल्यास उजवीकडे व काटा पडल्यास डावीकडे पाऊल टाकणारा वाटसरू हे या भ्रमणाचे सर्वांत सोपे रूप होय. या संकल्पनेच्या क्वांटम रूपातून संगणकाची तर्कद्वारे कशी साकारली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संकल्पनेचा उगम

रिचर्ड फाइनमन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या संगणकाच्या प्रतिमानात एक दर्शक साखळीवरून सरकतो व प्रत्येक पावलागणिक गणनेची एक क्रिया घडते. मागे वळून पाहता हे क्वांटम भ्रमणच होते. मात्र ते नाव त्यास तेव्हा मिळाले नव्हते. १९९३ मध्ये अहारोनोव्ह, डाव्हिडोविच व झागुरी यांनी ही संकल्पना नावानिशी मांडली. साधा वाटसरू शंभर पावलांत आरंभस्थानापासून साधारणतः दहा पावलांच्या अंतरावर असतो. क्वांटम भ्रमकाचा विस्तार मात्र पावलांच्या संख्येच्या समप्रमाणात होतो. एकाच वेळी अनेक वाटांनी जाणाऱ्या तरंगांचे व्यतिकरण हे याचे कारण होय. १९९८ मध्ये फार्ही व गुटमन यांनी सतत काळातील भ्रमण मांडले. पुढील काही वर्षे त्याकडे प्रामुख्याने जलद शोधपद्धतींचे साधन म्हणून पाहिले गेले.

भ्रमणातून तर्कद्वार

२००९ मध्ये अँड्र्यू चाइल्ड्स यांनी भ्रमण हेच संपूर्ण गणनेचे माध्यम होऊ शकते, हे सिद्ध केले. त्यांच्या रचनेत क्यूबिटांच्या प्रत्येक मूळ अवस्थेसाठी एक ‘तार’, म्हणजे बिंदूंची लांब साखळी असते. तारांच्या मध्ये लहान आलेख जोडलेले असतात. ठरावीक संवेगाचा तरंग त्यांवर आदळून पुढे जाताना त्याची कला बदलते अथवा तो दोन तारांत विभागला जातो. हेच एका क्यूबिटाचे तर्कद्वार होय. दोन क्यूबिटांच्या नियंत्रित-नकार द्वारासाठी तर केवळ तारांची अदलाबदल पुरते. २०१० मध्ये लव्हेट, केंडन व सहकाऱ्यांनी टप्प्याटप्प्याच्या भ्रमणासाठीही असाच निष्कर्ष काढला.

मर्यादा व तिचे निराकरण

तथापि या सिद्धतेत एक मोठी अडचण होती. १० क्यूबिटांना १,०२४ तारा लागतात, तर ३० क्यूबिटांना १०७ कोटींहून अधिक. त्यामुळे ही रचना गणनेची शक्ती सिद्ध करते. यंत्राचा आराखडा देत नाही. २०१३ मध्ये चाइल्ड्स, गॉसेट व वेब यांनी एकाऐवजी अनेक भ्रमक घेतले. प्रत्येक क्यूबिटासाठी दोन वाटांवरचा एक भ्रमक पुरेसा ठरला आणि दोन भ्रमकांच्या टकरीतून होणारा कलाबदल हा द्विक्यूबिट द्वाराचा आधार बनला. परिणामी आलेखाचा आकार घातांकी न राहता बहुपदी प्रमाणात आला.

निष्कर्ष

२०२१ मध्ये चीनमधील संशोधकांनी ६२ क्यूबिटांच्या अतिवाहक प्रक्रियकावर एका व दोन भ्रमकांचे मार्ग नियंत्रित करून दाखविले. सार्वत्रिक गणना हे त्यापुढचे पाऊल होय. एखादे प्रतिमान सार्वत्रिक असणे आणि ते उभारता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००९ ते २०१३ या चार वर्षांचा इतिहास या दोहोंमधील अंतर भ्रमकांच्या परस्परक्रियेने कमी केल्याचे दर्शवितो.