दूरस्थ कार्यप्रवेश केंद्र

मुख्य संगणकापासून दूर राहून, दूरध्वनीच्या तारेवरून त्याच्याकडे कामे दाखल करणारे व त्यांची फलिते छापून घेणारे उपकेंद्र (पहा : गटप्रक्रिया, मेनफ्रेम संगणक).

१९६० नंतरच्या दशकात मोठे संगणक मोजक्याच संस्थांना परवडत, आणि छिद्रपत्रांचे गठ्ठे तेथवर पोहोचविण्यात फार काळ खर्ची पडे. ती अडचण निवारण्यासाठी आय.बी.एम. कंपनीने प्रथम २७८० व १९७२ मध्ये ३७८० हे टर्मिनल आणले. ह्यूस्टनच्या अवकाशकेंद्रात सिद्ध झालेल्या हॅस्प प्रणालीने, व पुढे तिच्यातूनच निघालेल्या जेस-२ ने, मुख्य संगणकाकडील कारभार सांभाळला.

केंद्राची मांडणी दोन्ही टोकांना जुळवावी लागे. तारेचा वेग, वर्णसंकेत (पहा : एब्सिडिक), एका खेपेस धाडावयाच्या खंडाचा आकार, रिक्त जागांचे संकोचन आणि वाचक, मुद्रक व छिद्रक यांची संख्या हे तपशील मुख्य संगणकाच्या दप्तरी केंद्राच्या क्रमांकाखाली नोंदलेले असत, व त्यांत विसंगती राहिल्यास जोडणीच होत नसे अथवा मजकूर विस्कळीत उतरे. कामाचा आरंभ प्रवेशपत्राने होई : पहिल्या स्तंभापासून ‘/*साइनऑन’ ही आज्ञा, सोळाव्यापासून ‘रिमोट’ व लगेच केंद्राचा क्रमांक. ऐंशी स्तंभांच्या त्या पत्रावर एका स्तंभाची चूकही क्षम्य नसल्यामुळे, नवे केंद्र उभारताना प्रथम त्याचीच खातरजमा करणे इष्ट ठरे. पुढे प्रत्येक खंडाची पोच आलटून-पालटून दोन चिन्हांनी दिली जाई, व सदोष खंड पुन्हा मागविला जाई (पहा : द्विमान समकालिक संचरण).

मूळ यंत्रे मागे पडल्यावरही या दोन टर्मिनलांच्या संदेशपद्धतीचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावली इतर कंपन्यांच्या लहान संगणकांवर दीर्घकाळ वापरात होत्या.