मिठागरातला कुंभार

मंडळी, आज एका कुंभाराची गोष्ट सांगते. नाव बर्नार पालिसी. जन्म १५१० च्या सुमारास, नैऋत्य फ्रान्समधला. धंदा काचेवर चित्रं रंगवण्याचा. एकदा एक पांढऱ्या झिलईचा पेला त्याच्या पाहण्यात आला आणि तशी झिलई आपल्याला जमलीच पाहिजे, या वेडाने त्याला पछाडलं. जवळजवळ सोळा वर्षं तो भट्ट्या लावत राहिला! सरपण संपलं तेव्हा घरातली टेबलं आणि जमिनीच्या फळ्याही जाळल्या, असं त्यानेच लिहून ठेवलंय. बायको काय काय बोलली असेल, कल्पना करा!

मधल्या काळात सरकारने मिठाच्या करासाठी सेंतोंजच्या मिठागरांची मोजणी काढली. ते काम मिळालं, म्हणून घर चाललं. या दलदलीच्या मुलखातले जीवच पुढे त्याच्या मातीत उतरले. मोठ्या लंबगोल बशा, मधोमध साप, भोवती मासे, बेडूक, शिंपले, नेचे. साचे खऱ्या प्राण्यांवरून घेतलेले, त्यामुळे खवला न् खवला दिसतो. वरची झिलई अशी, की सगळं नुकतंच पाण्यातून वर आलंय असं वाटावं. राणी कॅथरीन द मेदिचीने त्याला पॅरिसला बोलावून घेतलं.

पण मला भावतो तो त्याच्यातला मास्तर. लॅटिन येत नाही, ग्रीक येत नाही. तरी १५७५ पासून त्याने पॅरिसमध्ये विद्वानांसमोर व्याख्यानं दिली. प्रवेश फी घेतली आणि वर जाहीर केलं, की माझं चुकीचं ठरवा, चौपट परत देतो! १५८० मध्ये त्याचं पुस्तक आलं, तेही मातृभाषेत, फ्रेंचमध्ये. त्यात 'सिद्धान्त' प्रश्न विचारतो आणि 'अनुभव' त्याला शिकवतो. दगडातले शिंपले ही निसर्गाची गंमत नव्हे, तिथे एके काळी पाणी होतं आणि त्यात ते जीव जगत होते, असं त्याने लिहिलं. साचे घेणाऱ्या हाताला ठसा कळायचाच! आपल्या भाषेतही शास्त्र सांगता येतं, हे मराठीतून बी. ए. झालेल्या मला वेगळं पटवायला नको.

शेवट मात्र वाईट झाला. प्रॉटेस्टंट पंथ सोडायला तो तयार नव्हता. १५९० च्या सुमारास, ऐंशीच्या घरात, बास्तीच्या तुरुंगात गेला.

असो. तुमच्यापैकी कुणी पॅरिसला गेलात, तर लूव्रमध्ये मोनालिसासमोरच्या गर्दीतून जरा वेळ काढा आणि पालिसीच्या बेडकांची चौकशी करा.