मोटारगाडीची चोरीप्रतिबंधक कुलपे

मालकाच्या अनुमतीशिवाय मोटारगाडी सुरू करता, चालविता किंवा हलविता येऊ नये, यासाठी तिच्यावर बसविण्यात येणाऱ्या साधनांना चोरीप्रतिबंधक कुलपे म्हणतात. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : (१) सुकाणू चक्र (स्टिअरिंग), गिअरचा दांडा, ब्रेकचे पॅडल किंवा चाक यांना प्रत्यक्ष अडकवून ठेवणारी यांत्रिक कुलपे आणि (२) किल्लीची सांकेतिक ओळख पटल्याशिवाय एंजिन चालू न होऊ देणारी इलेक्ट्रॉनिक साधने. दुसऱ्या वर्गातील साधने कारखान्यातूनच बसवून येऊ लागल्यापासून पहिल्या वर्गातील कुलपांवर पैसे खर्च करणे व्यर्थ आहे, असा समज पसरला. या साधनांचा इतिहास पाहता हा समज सर्वस्वी खरा ठरत नाही.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांचे संरक्षण मुख्यतः आतून लावण्याच्या अडसरावर आणि बाहेरून कडी-कोयंड्यात अडकविण्याच्या कुलपावर अवलंबून असे. किल्ल्यांच्या बाबतीत एका दरवाजावर विसंबून राहण्याची पद्धत नव्हती. जुन्नरजवळील शिवनेरीच्या मुख्य मार्गावर एकामागून एक सात दरवाजे आहेत. प्रत्येक अडथळा शत्रूचा वेळ खातो आणि तेवढा वेळ रक्षकांना मिळतो, हे तत्त्व त्यामागे आहे. कुलपाचे तत्त्व याहून वेगळे नाही.

आधुनिक कुलपांचा विकास इंग्लंड व अमेरिका येथे झाला. रॉबर्ट बॅरन यांचे तरफांचे कुलूप (१७७८), जोसेफ ब्रामा यांचे कुलूप (१७८४), जेरेमाया चब यांचे छेडछाड ओळखणारे कुलूप (१८१८) आणि लायनस येल (धाकटे) यांचे खुंट्यांचे कुलूप (१८६१) हे त्यातील महत्त्वाचे टप्पे होत. ब्रामा यांचे कुलूप कोणासही उघडता येणार नाही, असे अनेक दशके मानले जाई. परंतु १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडून दाखविले. त्यास सोळा दिवसांत मिळून सु. ५१ तास लागले. कोणतेही कुलूप अभेद्य नसते, त्याचे मूल्य ते चोराचा किती वेळ घेते यावरून ठरते, ही गोष्ट या प्रसंगाने सिद्ध झाली. भारतात अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना सुरू केला व या धंद्याचा देशी पाया घातला.

मोटारगाडीतील उपयोग : आरंभीच्या मोटारगाड्या हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा प्रारंभक आला आणि गाडी सुरू करणे सोपे झाले. त्याबरोबर ती चोरणेही सोपे झाले. प्रज्वलनाची किल्ली ही मुळात केवळ विद्युत् मंडल जोडणारी कळ होती. तिच्यामागील तारा परस्परांशी जोडल्या, की किल्लीवाचून एंजिन चालू होई. भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य करणाऱ्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांचे मालक म्हणूनच बाजारातून वेगळे कुलूप आणून बसवीत असत.

सुकाणू स्तंभाचे कुलूप ही यापुढील पायरी होय. किल्ली काढून घेतली, की स्तंभातील एक खिट्टी सुकाणूच्या दांड्यावरील खाचेत बसते आणि चाके वळविता येत नाहीत. पश्चिम जर्मनीत १९६१–६३ या काळात हे कुलूप नव्या व जुन्या अशा सर्व गाड्यांना सक्तीचे करण्यात आले आणि तेथील गाड्यांच्या चोऱ्या लक्षणीय प्रमाणात घटल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ही सक्ती केवळ नव्या गाड्यांपुरती होती. तेथे नव्या गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या, परंतु चोर जुन्या गाड्यांकडे वळले. कुलूप उपयोगी होते, पण ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांच्यावरील संकट त्यामुळे वाढले, असा या दोन देशांच्या अनुभवाचा अर्थ आहे.

इलेक्ट्रॉनिक साधने : एंजिन-रोधक (इमोबिलायझर) या साधनात किल्लीच्या मुठीत एक सूक्ष्म चकती बसविलेली असते. प्रज्वलनाच्या कुलपाभोवतीचे वेटोळे तिला रेडिओ तरंगांद्वारे प्रश्न करते. अपेक्षित उत्तर मिळाले, तरच एंजिनाचा नियंत्रक संगणक इंधन व ठिणगी सोडतो. तारा जोडण्याची जुनी युक्ती येथे निरुपयोगी ठरते. यूरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना हे साधन सक्तीचे झाले. नेदर्लंड्समधील एका अभ्यासानुसार १९९५ ते २००८ या काळात त्यामुळे तेथील गाड्यांच्या चोऱ्या सु. ४० टक्क्यांनी घटल्या.

तथापि या साधनांवरही उपाय निघाले. २००५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी किल्लीतील एक प्रचलित सांकेतिक पद्धती भेदून दाखविली. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये बिनस्पर्शी किल्लीचे संकेत दुरून पुढे पोहोचवून गाडी उघडता व सुरू करता येते, हे सिद्ध केले. अमेरिकेत २०२१ नंतर कीआ व ह्युंदाई या कंपन्यांच्या एंजिन-रोधक नसलेल्या गाड्यांच्या चोऱ्यांची लाट आली, तेव्हा या कंपन्यांनी पोलिसांमार्फत गाडीमालकांना सुकाणू चक्राची साधी लोखंडी कुलपे वाटली. रद्दबातल समजले गेलेले साधन अशा रीतीने पुन्हा कामी आले.

यांत्रिक कुलपांची मर्यादा : सुकाणू चक्रावरील दांडा पोलादी असला, तरी चक्राची कड करवतीने कापता येते. गिअरचे कुलूप गाडी स्वतःच्या बळावर चालू देत नाही. परंतु ती उचलून दुसऱ्या वाहनावर घातल्यास ते निष्प्रभ होते. काचेतून दिसणारे कुलूप चोरास परावृत्त करते, मात्र तो शेजारच्या गाडीकडे वळण्याचा संभव असतो. इअन एअर्झ व स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये गाडीत लपविलेल्या रेडिओ-शोधकाचा अभ्यास केला. कोणत्या गाडीत असा शोधक आहे हे चोरास कळत नसल्याने त्याचा लाभ शोधक न बसविणाऱ्यांनाही मिळतो, असे त्यांना आढळले. दृश्य कुलूप मालकाचे रक्षण करते, तर अदृश्य साधन सर्वांचे करते, असा हा भेद आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत भाजीपाला शेतातून नारायणगाव, मंचर इ. बाजारपेठांत पिकअप गाड्यांनी नेला जातो. कुकडी नदीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव तेथील ज्वालामुखीजन्य राखेच्या थरामुळे अभ्यासकांस परिचित आहे. परंतु त्याचे दैनंदिन जीवन परिसरातील इतर गावांप्रमाणे शेतीवर चालते. अशा भागात वाहन अंगणात किंवा शेताच्या बांधावर उघड्यावर उभे राहते; ते बहुधा कर्जाने घेतलेले असते आणि त्यावर घराचा चरितार्थ चालतो. जुन्या वाहनात एंजिन-रोधक नसल्यास गिअरचे किंवा चाकाचे कुलूप हाच त्याच्या मालकास परवडणारा अडथळा असतो. शहरातील राखणदार असलेल्या वाहनतळावरील नव्या गाडीस त्याची गरज पुष्कळच कमी होय.

२००२ च्या भारतीय मोटार विमा दरपत्रकात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेने मान्य केलेल्या चोरीप्रतिबंधक साधनांसाठी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २·५ टक्के, पण अधिकात अधिक ५०० रु., सवलत ठेवण्यात आली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीस सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शिक्षा मात्र गाडी गेल्यानंतरची गोष्ट होय. त्याआधीचे काम कुलपालाच करावे लागते.

सारांश, यांत्रिक कुलूप हे इलेक्ट्रॉनिक साधनाला पर्याय नसून त्याची जोड आहे. जुनी, उघड्यावर उभी राहणारी किंवा बिनस्पर्शी किल्लीची गाडी असल्यास त्याचा अल्प खर्च सार्थ ठरतो. मात्र चोरी एका दारातून दुसऱ्या दारी ढकलली जाऊ नये अशी इच्छा असल्यास जर्मनीप्रमाणे जुन्या-नव्या सर्व वाहनांना संरक्षण मिळावयास हवे. हा प्रश्न एकट्या मालकाच्या नव्हे, तर समाजाच्या धोरणाचा आहे.