धूमकेतूंच्या तेजस्वितेचे भाकीत

धूमकेतूंच्या तेजस्वितेचे भाकीत म्हणजे एखादा धूमकेतू ठरावीक दिवशी पृथ्वीवरून किती तेजस्वी दिसेल याचा आगाऊ बांधलेला अंदाज होय. धूमकेतूची कक्षा काही आठवड्यांच्या निरीक्षणांवरून निश्चित करता येते आणि तो कोणत्या रात्री कोणत्या ताऱ्याजवळ असेल हे कित्येक महिने आधी बिनचूक सांगता येते. तेजस्वितेचे तसे नाही. तिचे अंदाज दोन-तीन प्रतींनी चुकणे नित्याचे असून पाच-सहा प्रतींची चूकही झालेली आहे. त्यामुळे धूमकेतू ‘कोठे दिसेल’ आणि ‘कसा दिसेल’ ही दोन वेगळ्या दर्जाची विधाने समजावी लागतात. प्रस्तुत लेखात या भाकिताची पद्धत, त्याच्या मर्यादा आणि वऱ्हाडातून, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांतून, होणाऱ्या निरीक्षणाशी त्याचा असलेला संबंध यांची माहिती दिली आहे.

मराठीत धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’ असेही म्हणतात. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथातील ‘केतुचार’ या अकराव्या अध्यायात केतूंचे वर्णन व त्यांची फले दिली आहेत. तेथे भाकीत आहे ते धूमकेतूमुळे राजा व प्रजा यांचे काय होईल याचे. स्वतः धूमकेतूचे पुढे काय होईल याचे नव्हे.

प्रत

खगोलीय वस्तूची तेजस्विता ‘प्रत’ या एककात सांगतात. प्रतीचा आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी असते; अतितेजस्वी वस्तूंची प्रत ऋण असते. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पट आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट फरक. काळोख्या जागेवरून साध्या डोळ्यांना साधारणपणे सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.

धूमकेतूच्या बाबतीत हा आकडा फसवा ठरतो. ताऱ्याचे सर्व तेज एका बिंदूत असते, तर धूमकेतूचे तेज केंद्रकाभोवतीच्या वायू व धुळीच्या मेघात, म्हणजे ‘कोमा’मध्ये, पसरलेले असते. धूमकेतूची जी प्रत जाहीर होते ती हे सर्व पसरलेले तेज एकत्र करून काढलेली एकूण प्रत होय. म्हणून चौथ्या प्रतीचा धूमकेतू चौथ्या प्रतीच्या ताऱ्यासारखा दिसत नाही. याची चाचणी कोणालाही घेता येते. देवयानी तारकासमूहातील दीर्घिकेची एकूण प्रत सुमारे ३.४ आहे. ज्या गच्चीवरून ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, तेथून चौथ्या प्रतीचा पसरट धूमकेतू दुर्बिणीशिवाय दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

भाकिताचे सूत्र

प्रचलित सूत्र असे आहे :

म = नि + ५ लॉग (पृ) + २.५ × न × लॉग (सू)

यात ‘म’ ही धूमकेतूची अपेक्षित प्रत, ‘पृ’ हे त्याचे पृथ्वीपासूनचे अंतर व ‘सू’ हे सूर्यापासूनचे अंतर होय. दोन्ही अंतरे खगोलीय एककात घेतात (एक खगोलीय एकक म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर). ‘नि’ ही निरपेक्ष प्रत, म्हणजे दोन्ही अंतरे एक एकक असताना धूमकेतूची जी प्रत असेल ती. ‘न’ हा घातांक धूमकेतू सूर्याजवळ येताना किती वेगाने उजळतो हे दर्शवितो. केवळ सूर्यप्रकाश परावर्तित करणाऱ्या लघुग्रहासारख्या वस्तूसाठी ‘न’ची किंमत २ असते. धूमकेतू तापल्यावर अधिकाधिक वायू व धूळ बाहेर टाकतो, त्यामुळे त्याच्यासाठी ती जास्त असते. दुसरी माहिती नसल्यास ४ धरण्याचा प्रघात आहे.

सर्व अडचण या ‘न’मध्ये आहे. उदाहरणार्थ, एखादा धूमकेतू सूर्यापासून ५ व पृथ्वीपासून ४ एकक अंतरावर असताना सोळाव्या प्रतीचा आढळला आणि पुढे तो दोघांपासूनही अर्ध्या एककावर येणार आहे असे समजू. ‘न’ ३ धरल्यास त्या वेळी त्याची प्रत ४.० येते, ४ धरल्यास १.५ आणि ५ धरल्यास उणे १.०. शोधाच्या दिवशीचे निरीक्षण एकच, कक्षा एकच. तरीही उत्तरांत शंभर पटींचा फरक पडतो. शोध लागताच प्रसिद्ध होणारे आकडे या प्रकारचे असतात. मायनर प्लॅनेट सेंटर किंवा नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या तक्त्यांत स्थानांसोबत प्रतही छापलेली असते. तीही अशाच सूत्रातून आलेली असते, त्यामुळे स्थानाइतका विश्वास तिच्यावर ठेवता येत नाही.

भाकीत चुकण्याची कारणे

धूमकेतूच्या केंद्रकात अनेक प्रकारचे बर्फ असते. कार्बन मोनॉक्साइडसारखे अतिबाष्पनशील बर्फ सूर्यापासून फार दूर असतानाच वायुरूप होते. पाण्याचे बर्फ साधारणपणे तीन खगोलीय एककांच्या आत आल्यावर जोमाने वायुरूप होऊ लागते. ऊर्ट मेघातून प्रथमच सूर्याकडे येणाऱ्या धूमकेतूच्या पृष्ठभागावर पहिल्या प्रकारचा साठा भरपूर असल्याने तो लांबूनच तेजस्वी दिसतो आणि मोठ्या आशा निर्माण करतो. हा साठा संपला की उजळण्याचा वेग मंदावतो. दूर असतानाचा वेग अखेरपर्यंत टिकेल असे मानल्यामुळे सर्वाधिक भाकिते फसली आहेत.

लहान केंद्रक सूर्याजवळ तुटूही शकते. याउलट काही धूमकेतू अचानक भडकतात : १७पी/होम्स हा धूमकेतू ऑक्टोबर २००७ मध्ये दोन दिवसांहून कमी काळात सुमारे सतराव्या प्रतीपासून तिसऱ्या प्रतीच्याही आत आला, म्हणजे जवळजवळ पाच लाख पट उजळला. अशा उद्रेकाचे भाकीत कोणत्याही सूत्राने करता येत नाही. तिसरे कारण भौमितिक आहे. धूमकेतू पृथ्वी व सूर्य यांच्या साधारण मधे आला की त्याची धूळ सूर्यप्रकाश पुढच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे, जास्त विखुरते आणि काही दिवस तो सूत्राने दिलेल्या किमतीपेक्षा कितीतरी तेजस्वी होतो. उन्हाच्या तिरिपेत उडणारे धुळीचे कण समोरून चमकतात, तसाच हा प्रकार आहे.

काही गाजलेली भाकिते

कोहौटेक धूमकेतू मार्च १९७३ मध्ये सूर्यापासून बराच दूर असताना सापडला आणि ‘शतकातील धूमकेतू’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २८ डिसेंबर १९७३ रोजी तो उपसूर्य बिंदूतून गेला. त्या सुमारास तो तेजस्वी झाला खरा, पण सूर्याच्या अगदी निकट असल्याने ते तेज मुख्यतः स्कायलॅबमधील अंतराळवीरांच्या वाट्यास आले. जानेवारीतील संध्याकाळी जमिनीवरून पाहणाऱ्यांची निराशा झाली. २०१३ मधील आयसॉन धूमकेतूचे तर २८ नोव्हेंबर रोजी सूर्याच्या केंद्रापासून सुमारे १९ लाख किलोमीटरवरून जाताना विघटनच झाले.

भाकीत खरे ठरल्याचे ठळक उदाहरण हेल–बॉप हे आहे. जुलै १९९५ मध्ये सूर्यापासून सात एककांहून अधिक अंतरावर सापडलेला हा धूमकेतू अपेक्षेप्रमाणे १९९७ मध्ये अतिशय तेजस्वी झाला आणि सुमारे अठरा महिने साध्या डोळ्यांना दिसला. त्याचे केंद्रकच मोठे असल्याने त्याने दगा दिला नाही.

त्सुचिनशान–ॲटलास (सी/२०२३ ए३) या धूमकेतूबाबत निराशेचे भाकीतही चुकले. झ्देन्येक सेकानिना यांनी जुलै २०२४ मध्ये तो उपसूर्य बिंदूपूर्वीच विघटित होईल, असा निष्कर्ष मांडला होता. प्रत्यक्षात तो २७ सप्टेंबर २०२४ रोजी उपसूर्य बिंदू सुखरूप ओलांडून ऑक्टोबरात साध्या डोळ्यांना दिसला. लेमन (सी/२०२५ ए६) हा धूमकेतू दहाव्या प्रतीच्या आसपास राहील असे प्रारंभी वाटत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो चौथ्या प्रतीपर्यंत पोहोचला.

वऱ्हाडातून निरीक्षण

अमरावती (अक्षांश सुमारे २०.९ अंश उत्तर) व अकोला (२०.७ अंश उत्तर) येथे ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण २१ अंशांवर असतो. दक्षिणेकडील आकाशाचा मोठा भाग येथून दिसतो, त्यामुळे युरोपातून न दिसणारे अनेक धूमकेतू येथे क्षितिजावर येतात. शिवाय या अक्षांशावर सूर्य तीव्र कोनात मावळतो आणि संधिप्रकाश लवकर सरतो. सूर्याजवळ असलेल्या धूमकेतूसाठी ही मोठी सोय आहे. अकोल्यात सूर्यास्त अमरावतीपेक्षा सुमारे तीन मिनिटे उशिरा होतो. एवढ्या फरकाने निरीक्षणात काही बिघडत नाही. वृत्तपत्रांतील वेळा मात्र पुणे-मुंबईच्या असल्यास त्या या भागासाठी १५ ते २० मिनिटांनी अलीकडे घ्याव्या लागतात.

खरा अडसर ऋतूचा आहे. एप्रिल १९९७ मध्ये गुढीपाडव्याच्या (८ एप्रिल) सुमारास हेल–बॉप वायव्येच्या आकाशात होता. अमावास्या नुकतीच झाली होती आणि हवा कोरडी होती. जुलै २०२० मध्ये नियोवाईज धूमकेतू सायंकाळी त्याच वायव्य दिशेला आला आणि २० जुलैच्या दीप अमावास्येस चंद्राचाही व्यत्यय नव्हता, परंतु तो ऐन पावसाळा होता. गेल्या दशकांतील दोन सर्वाधिक चर्चित धूमकेतूंच्या दर्शनात वऱ्हाडच्या दृष्टीने पडलेला हा फरक तेजस्वितेच्या कोणत्याही भाकितात दिसत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत उत्तम भाकितालाही येथे ढगांची संमती लागते.

ऑक्टोबरपासून आकाश निवळते, पण इतर अडचणी उभ्या राहतात. त्सुचिनशान–ॲटलास २०२४ च्या दसऱ्याला (१२ ऑक्टोबर) पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता. तो संध्याकाळी पश्चिमेस शुक्र व स्वाती यांच्या दरम्यान जसजसा वर चढत गेला, तसतसा चंद्रही वाढत गेला आणि १६ तारखेला कोजागरी आली. लेमन धूमकेतू याउलट आश्विन अमावास्येलाच (२१ ऑक्टोबर २०२५) पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. चंद्र नव्हता, पण ती दिवाळी असल्याने शहरांत रोषणाई व फटाक्यांचा धूर होता. पुढे हिवाळ्यात काढणीनंतर शेतातील पऱ्हाटी व धसकटे पेटविली जातात तेव्हा क्षितिजाजवळचा पट्टा धुरकट होतो.

क्षितिजाजवळील हवेमुळे होणारी घट भाकितात धरलेली नसते. क्षितिजापासून १० अंशांवरील वस्तूचा प्रकाश डोक्यावरील वस्तूच्या तुलनेत साडेपाच पट जाड हवेतून येतो. स्वच्छ हवेत यामुळे सुमारे एक प्रत आणि धुरकट हवेत जवळजवळ दोन प्रती कमी होतात. तिसऱ्या प्रतीचा म्हणून जाहीर झालेला धूमकेतू अशा वेळी पाचव्या प्रतीसारखा दिसतो.

जागा निवडताना दिशा पाहावी. पूर्णेच्या खोऱ्यातील पयानघाटाचा प्रदेश सपाट असल्याने पश्चिम व पूर्व क्षितिज खुले मिळते. उत्तरेस मात्र गाविलगडच्या डोंगररांगा आहेत. ७०० मीटर उठाव असलेला डोंगर ५ किलोमीटरवर असेल तर क्षितिजाचे ८ अंश झाकले जातात. म्हणून परतवाडा, अकोट यांसारख्या पायथ्याजवळच्या गावांतून उत्तर-वायव्येचा धूमकेतू शोधण्यापेक्षा थोडे दक्षिणेस सरकणे श्रेयस्कर. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदरा येथे धुराचा बराचसा थर खाली राहतो. विदर्भातच नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला.

तेजस्वितेचा अंदाज घेणे व नोंद

भाकीत सुधारण्यासाठी प्रत्यक्ष निरीक्षणांखेरीज दुसरा मार्ग नाही आणि हे काम आजही मोठ्या प्रमाणात हौशी निरीक्षक करतात. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण त्यासाठी पुरेशी आहे. सिजविक पद्धतीत धूमकेतूच्या कोमाचे सरासरी तेज लक्षात ठेवून, दुर्बिणीची नाभी हलवून जवळपासचे ज्ञात प्रतीचे तारे कोमाएवढे पसरट केले जातात व त्यांच्याशी तुलना केली जाते. एक तारा किंचित तेजस्वी व दुसरा किंचित मंद निघाल्यास धूमकेतूची प्रत त्या दोघांच्या दरम्यान ठरते. कोमा फार लहान व घट्ट असल्यास धूमकेतू व तारा दोन्ही सारखेच पसरट करण्याची बोब्रोव्हनिकॉफ पद्धत सोयीची पडते. तुलनेचे तारे धूमकेतूच्याच उंचीवरील घ्यावेत, म्हणजे हवेतील घट दोहोंना सारखी लागू पडते. संध्याकाळच्या निरीक्षणात सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे नेऊ नये. डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

नोंदीत तारीख व वेळ, प्रत, पद्धत, उपकरणाचा व्यास व वर्धन, कोमाचा कोनीय व्यास आणि घनतेचा दर्जा (० ते ९, ० म्हणजे पूर्णपणे विरळ, ९ म्हणजे ताऱ्यासारखा) यांचा समावेश असतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून देतात. यात पहाटेच्या निरीक्षणांची तारीख बदलते : १० तारखेस पहाटे ५ वाजता घेतलेली नोंद ९ तारखेच्या २३:३० ची ठरते. स्लोव्हेनियातील चर्नी व्र्ह वेधशाळेकडून चालविल्या जाणाऱ्या ‘कॉब्स’ या संग्रहात जगभरातील अशा नोंदी जमा होतात. सध्या दिसणाऱ्या एखाद्या धूमकेतूचे तेज जाणून घेण्यासाठी सूत्राच्या तक्त्यापेक्षा या संग्रहातील गेल्या आठवड्याच्या नोंदी अधिक उपयोगी पडतात. धूमकेतू दिसला नाही तरी ‘अमुक प्रतीपर्यंतचे तारे दिसले, धूमकेतू दिसला नाही’ अशी नोंद ग्राह्य असते. विघटन पावणाऱ्या धूमकेतूच्या बाबतीत तिला विशेष मोल असते.