सेक एक्सचं उत्तर आधी सापडलं, रीत नंतर

आजची गोष्ट नकाशांची आहे, जहाजांची आहे आणि बारावीच्या एका गणिताचीही आहे. गणित म्हटलं की लगेच स्किप करू नका, पाच मिनिटं द्या.

बारावीला क्लासमध्ये सरांनी फळ्यावर सेक एक्सचं इंटिग्रेशन काढलं. म्हणाले, "वर-खाली सेक एक्स अधिक टॅन एक्सने गुणा, खालच्याला टी धरा, झालं." मी विचारलं, "सर, पण हे सुचलं कसं?" सर म्हणाले, "सुचायचं नाही, पाठ करायचं." वर्ग हसला. मी पाठ केलं. पण मनात बसलं ते बसलंच, की असं सुचणारी मुलं वेगळी, आपण त्यातले नाही.

खरी गोष्ट कळली ती नोकरीला लागल्यावर. हे असं चुटकीसरशी कुणालाच सुचलं नव्हतं!

साल १५६९. मर्केटरने जगाचा नकाशा काढला. खलाशांना हवं होतं की होकायंत्रावर एकच दिशा धरून जहाज नेलं, तर नकाशावर ती वाट सरळ रेघ दिसावी. आता पृथ्वी गोल, कागद सपाट. उत्तरेकडे जाल तशी अक्षवृत्तं लहान होत जातात, पण या नकाशावर सगळी सारख्याच लांबीची. म्हणजे ती आडवी ताणली गेली. किती? अक्षांशाच्या सेकंटइतकी. ६० अंशांवर बरोबर दुप्पट. दिशा बिघडू नये म्हणून उभंही तेवढंच ताणायचं. मग एखादं अक्षवृत्त विषुववृत्तापासून किती वर काढायचं? वाटेतल्या प्रत्येक बारीक तुकड्याला त्याच्या सेकंटने गुणायचं आणि बेरीज करत जायचं. हेच सेक एक्सचं इंटिग्रेशन.

केंब्रिजच्या एडवर्ड राइटने ही बेरीज हाताने केली आणि १५९९ मध्ये तक्ता छापला. तेव्हा न्यूटनचा जन्मही झाला नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर माणसाने स्वतःच फॉर लूप चालवला.

१६४५ च्या सुमारास नौकानयन शिकवणाऱ्या हेन्री बॉन्डने हा तक्ता टॅन्जंटच्या लॉगरिदमच्या तक्त्याशी ताडून पाहिला. आकडे जुळले! उत्तर हातात, पण कारण कुणालाच माहीत नाही. १६६६ मध्ये निकोलस मर्केटरने (आडनाव तेच, माणूस दुसरा) यावर चक्क पैज लावली. १६६८ मध्ये जेम्स ग्रेगरीने सिद्धता दिली, पण ती भयंकर किचकट. १६७० मध्ये आयझॅक बॅरोने सोपी वाट दाखवली. त्याची मांडणी भूमितीची होती, आजच्या भाषेत ती अशी:

सेकंट म्हणजे १ भागिले कोसाइन. वर-खाली कोसाइनने गुणा. खाली कोसाइन वर्ग आला, म्हणजेच १ वजा साइन वर्ग. आता साइनला टी धरा. वरचं कोसाइन डीएक्स म्हणजे डीटी. उरलं १ भागिले (१ वजा टी वर्ग). त्याचे दोन अपूर्णांक पाडा, दोन्हींचं इंटिग्रेशन लॉग येतं. संपलं.

बघा, यात जादू कुठेच नाही. 'खाली साइन दिसतोय, वर त्याचं डेरिव्हेटिव्ह दिसतंय, मग टी धरू' इतकंच. सब्स्टिट्यूशन म्हणजे हेच ओळखणं. सेक अधिक टॅनची युक्ती चुकीची नाही, पण ती उत्तर माहीत असलेल्याची युक्ती आहे. ती पहिल्याच दिवशी फळ्यावर आली की मुलांना वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

परवा माझ्या मावसबहिणीने व्हिडिओ कॉलवर अगदी हाच प्रश्न विचारला, "दादा, पण हे सुचलं कसं?" मी म्हटलं, "राइटच्या तक्त्यापासून बॅरोपर्यंत ७१ वर्षं लागली गं. तू निदान एक संध्याकाळ तरी घे." मग बॅरोच्या वाटेने तिला गणित दिलं. टी कशाला धरायचा, ते तिने स्वतः सांगितलं.

तुम्हीही कधी वर्गात असा प्रश्न गिळला असेल, तर तो आज पुन्हा विचारा. भेटू पुढच्या भागात!