डायनासोर हिरवा कुणी केला?

आजचा भाग डायनासोरवर आहे, पण हाडांवर नाही, रंगावर. हा विषय डोक्यात आला तो माझ्याच एका चुकीमुळे. त्यामुळे आधी ती सांगून टाकतो.

माझ्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे. सोसायटीत एकदा हे कळलं की काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. गेल्या गणपतीत कमिटीने सांगितलं, मुलांसाठी काहीतरी वेगळी स्पर्धा घे. मी कॉम्प्सोग्नॅथस नावाच्या डायनासोरची चाळीस मॉडेल्स छापली. मोठ्या कोंबडीएवढा प्राणी, दोन पायांवर पळणारा, लांब शेपटीचा. करडं प्लॅस्टिक, वर प्रायमर, समोर अ‍ॅक्रिलिक रंग आणि दीड तास वेळ. गट दोन: बारा वर्षांखालची मुलं आणि मोठी माणसं. मोठ्यांचा गट मुद्दाम ठेवला, कारण तो नसला की आईबाबा मुलांचंच मॉडेल रंगवायला घेतात.

परीक्षक मीच. सफाई, कल्पकता आणि वास्तवदर्शीपणा, प्रत्येकी १० गुण. मोठ्यांमध्ये एका निवृत्त काकांनी सुंदर शेवाळी हिरवा डायनासोर केला, अगदी पुस्तकातल्यासारखा. त्यांना पहिला नंबर. मुलांमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीने आपला डायनासोर आमच्या पार्किंगमधल्या बोक्यासारखा रंगवला. अंग तांबूस नारिंगी, शेपटीवर पांढरे पट्टे. काम अतिशय सफाईदार होतं. मी वास्तवदर्शीपणाला २ गुण दिले आणि तेवढ्यावर तिचं बक्षीस हुकलं.

ती गुणपत्रिका घेऊन आली. "दादा, इथे दोनच का?"

म्हटलं, "अगं, डायनासोर असा नसतो. हिरवा नाहीतर मातकट असतो."

"तुला कसं माहीत?"

"पुस्तकात तसाच दाखवतात."

"पुस्तकवाल्यांनी पाहिलाय का?"

मी हसून विषय बदलला. पण रात्री झोप येईना, म्हणून वाचायला बसलो. हा भाग त्या वाचनातून झाला आहे.

लंडन, १८५४

'डायनासोरिया' हे नाव रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिलं. त्यानंतर बाराच वर्षांनी लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेस बागेत डायनासोरचे पूर्ण आकाराचे पुतळे उभे राहिले. शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स, सल्लागार ओवेन. पुतळा म्हणजे खरं तर इमारतीचं बांधकामच होतं. एका इग्वानोडॉनसाठी चार लोखंडी खांब, ६०० विटा आणि ३८ पिंपं सिमेंट लागल्याचं हॉकिन्स यांनी स्वतः नोंदवलंय. ३१ डिसेंबर १८५३ ला याच इग्वानोडॉनच्या साच्यात बसून शास्त्रज्ञांनी जेवणाची पंगतही झोडली.

त्या इग्वानोडॉनच्या नाकावर गेंड्यासारखं शिंग आहे. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे सांगाडे सापडले, आणि तेव्हा स्पष्ट झालं की ते नाकावरचं शिंग नसून हाताच्या अंगठ्याचा काटा आहे. म्हणजे बघा, आकार चुकला तर तो दुरुस्त करायला हाडं होती. रंगाच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. मग समोर कोण होतं? मगर, सरडा, घोरपड, हत्ती. त्यांचे रंग उचलले गेले.

आणखी एक गोष्ट. हॉकिन्स यांच्या या पुतळ्यांच्या छोट्या प्रतिकृतीही विकल्या गेल्या. आपल्या टेबलावरच्या मॉडेलची वंशावळ थेट तिथपर्यंत जाते.

हिरवा रंग घरोघरी

पुढचा मुक्काम अमेरिका. सिंक्लेअर या तेल कंपनीने १९३० च्या दशकात लांब मानेचा हिरवा डायनासोर आपलं बोधचिन्ह केला. तो पेट्रोल पंपांवर झळकला. १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात कंपनीने फायबरग्लासचे पूर्ण आकाराचे डायनासोर मांडले. दरम्यान येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात रुडॉल्फ झॅलिंजर यांनी १९४३ ते १९४७ अशी चार वर्षं खपून ११० फूट लांबीचं भित्तिचित्र काढलं. १९५३ मध्ये ते 'लाइफ' मासिकातून घराघरांत पोचलं. मार्क्स कंपनीची प्लॅस्टिकची डायनासोर खेळणी आली तीही याच दशकात. ही खेळणी एका साच्यातून, एकाच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये निघायची. एक अख्खा प्राणी करडा, दुसरा अख्खा हिरवा. पट्टे किंवा ठिपके रंगवायचे म्हणजे माणूस बसवायचा, म्हणजे खर्च.

तर माझं "पुस्तकात तसाच दाखवतात" हे ज्ञान असं तयार झालं होतं. थोडी मगर, थोडा पेट्रोल पंप आणि थोडा प्लॅस्टिकचा हिशेब.

पुरावा सापडतो

१९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या एका छोट्या डायनासोरचं वर्णन प्रसिद्ध झालं. नाव सायनोसॉरॉप्टेरिक्स. त्याच्या अंगावर तंतूंसारखी साधी पिसं होती. जीवाश्म झालेल्या पिसांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गोळ्या दिसायच्या, आणि बरीच वर्षं लोक त्यांना जीवाणू समजत. २००८ मध्ये याकोब विंथर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते मेलॅनोसोम आहेत, म्हणजे पेशीतल्या रंगद्रव्याच्या पिशव्या. आपल्या केसांतही त्या असतात. लांबट, सॉसेजसारखा आकार असेल तर रंग काळपट. गोलसर असेल तर तांबूस. रंग उडून गेला तरी पिशवीचा आकार दगडात उरतो.

जानेवारी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये सायनोसॉरॉप्टेरिक्सचा निकाल आला. शेपटीवर तांबूस आणि पांढुरके पट्टे!

हे वाचून मी खुर्चीतून उठलो. कारण सायनोसॉरॉप्टेरिक्स हा कॉम्प्सोग्नॅथसच्याच जवळच्या नात्यातला. मी ज्याला 'असा नसतो' म्हणालो होतो, तसाच त्याचा भाऊबंद निघाला. आता याने त्या मुलीचं बरोबर ठरतं असं नाही. दोघांच्या काळात साधारण अडीच कोटी वर्षांचं अंतर आहे, आणि ती मांजर बघून रंगवत होती. पण माझं चूक नक्की ठरतं. माझ्या २ गुणांना काही आधारच नव्हता.

पुढे यादी वाढत गेली. २०१० मध्येच अँकिऑर्निस: काळा-पांढरा, डोक्यावर तांबूस तुरा. २०१२ मध्ये मायक्रोरॅप्टर: काळा, पण कावळ्याच्या पिसासारखा चमकणारा. २०१७ मध्ये कॅनडातला चिलखती बोरेलोपेल्टा: साधारण १,३०० किलोचं धूड, पण पाठ तांबूस आणि पोटाकडे फिका. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढुरकं असतं, तो हाच प्रकार. वरून ऊन पडतं, खाली सावली पडते, आणि गडद-फिका रंग ती सावली पुसून टाकतो. प्राणी सपाट दिसतो, शिकाऱ्याला पटकन उमगत नाही. एवढ्या मोठ्या प्राण्यालाही लपावं लागत होतं, म्हणजे त्याला खाणारे किती भारी असतील!

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट २०१६ ची. सिटॅकोसॉरस नावाच्या डायनासोरचा त्वचेसकट जीवाश्म फ्रँकफर्टच्या संग्रहालयात आहे. विंथर यांनी रॉबर्ट निकोल्स या चित्रकाराकडून त्याचं पूर्ण आकाराचं मॉडेल करून घेतलं आणि जीवाश्मावरचे रंग त्यावर उतरवले. त्याच साच्यातलं दुसरं, नुसतं करडं मॉडेल त्यांनी ब्रिस्टलच्या वनस्पती उद्यानात नेलं आणि मोकळ्या उन्हात, मग झाडांखाली ठेवून फोटो काढले. अंगावर सावली कुठे पडते ते पाहिलं. जीवाश्मावरची रंगसंगती झाडांखालच्या सावलीशी जुळली. निष्कर्ष: हा प्राणी दाट झाडीत राहत असावा. म्हणजे मॉडेल रंगवणं हाच इथे प्रयोग होता.

आणि आपला?

आपल्या महाराष्ट्रातही डायनासोर आहेत बरं का. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव ही त्यांची ठिकाणं. डोंगरगावचा लांब मानेचा आयसिसॉरस १९९७ मध्ये जगापुढे आला. त्याचं आजचं नाव ज्या संस्थेवरून पडलं ती म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, म्हणजेच आयएसआय. पिसदुऱ्याच्या जीवाश्म झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले, आणि डायनासोरच्या काळात गवत होतं हे २००५ मध्ये जगाला कळलं. आपल्याकडच्या या प्राण्याने काय खाल्लं असावं याचा अंदाज बांधता येतो. तो कोणत्या रंगाचा होता ते सांगणारी त्वचा मात्र मिळालेली नाही. तेव्हा आयसिसॉरस रंगवायला कुणी बसलं तर ब्रश आपल्याच हातात आहे.

स्पर्धेचा निकाल मी बदलला नाही. बक्षीस मिळालेल्या मुलाकडून ते काढून घेणं बरोबर वाटलं नाही. पण रविवारी त्या मुलीच्या घरी गेलो, तिला सायनोसॉरॉप्टेरिक्सचं चित्र दाखवलं आणि म्हटलं, "माझं चुकलं." तिने चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "याच्या डोळ्याजवळपण काळं आहे. ते मी केलं नव्हतं." आणि आत जाऊन मॉडेल आणि काळा रंग घेऊन आली.

यंदा गुणपत्रिकेत 'वास्तवदर्शीपणा' नाही. त्या जागी एक प्रश्न आहे: हाच रंग का निवडला? एका वाक्यात सांगा. गेल्या वर्षी परीक्षकाला हा प्रश्न विचारला असता तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या लहानपणीचा डायनासोर कोणत्या रंगाचा होता ते जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.