आधी रक्त, मग आच

गेल्या वर्षी माझ्या एका स्नेह्यांच्या हातात रुग्णालयाने दोन उपचारांची दोन अंदाजपत्रके ठेवली. यकृतात साडेचार सेंटिमीटरची कर्करोगाची गाठ. आधी ‘टेस’, मग ‘आरएफए’. “एकाने भागत नाही का हो?” त्यांनी मला विचारले. मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिके वाचत बसणारा माणूस. पण या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच होते.

यकृताला दोन वाटांनी रक्त मिळते. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, उरलेले धमनीतून. १९५४ साली अमेरिकेत ब्रीडिस आणि यंग यांनी दाखवून दिले की यकृतातली गाठ मात्र जवळजवळ सर्वस्वी धमनीवर पोसते. आदल्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगरने सुई, तार आणि नळी वापरून, धमनी न कापता तिच्यात शिरण्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. या दोन शोधांचा मेळ बसायला वीस-पंचवीस वर्षे गेली. जपानच्या यामाडा यांनी १९८३ मध्ये १२० रुग्णांचा अनुभव मांडला: नळी यकृताच्या धमनीपर्यंत न्यायची आणि औषधात भिजवलेले जिलेटिनचे तुकडे सोडून गाठीची रसद तोडायची. हेच ‘टेस’चे मूळ. पुढे त्यात लिपिओडॉल आले, म्हणजे १९०१ पासून फ्रान्समध्ये बनणारे, खसखशीच्या तेलातले आयोडीन! २००२ साली हाँगकाँगच्या चाचणीत दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण टेसमुळे ११ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेले. तरीही गाठीच्या कडेच्या पेशी पुष्कळदा तगून राहतात.

आरएफए म्हणजे गाठीत सुई खुपसून रेडिओलहरींच्या प्रवाहाने ती आतून शिजवणे. १९९० च्या सुमारास इटलीत रोसी आणि अमेरिकेत मॅकगॅहन यांनी प्राण्यांच्या यकृतावर हे करून पाहिले. तीन सेंटिमीटरपर्यंत हे उत्तम जमते. त्यापुढे अडचण रक्ताचीच. पातेल्यात पाणी असेपर्यंत तळ करपत नाही, तसे वाहते रक्त आच वाहून नेते. म्हणून रोसी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये आधी रक्तपुरवठा अडवून मग आच दिली.

तर्क बिनतोड वाटतो. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात चीनमधील २९१ रुग्णांची चाचणी आली. गाठी तीन सेंटिमीटरहून मोठ्या, आणि दोन्ही उपचार घेतलेले सर्वाधिक जगलेले. तिची प्रत मी स्नेह्यांना मोठ्या उत्साहाने नेऊन दिली. नंतर पुढच्या वर्षीचे अंक चाळताना दिसले, तो लेख २००९ मध्ये मागे घेण्यात आला होता. मागे घेतलेला लेख छापील अंकातून पुसला जात नाही, ही त्यातली मेख. त्यांच्या घरी जाऊन ती प्रत परत मागताना हातातला चहा घशाखाली उतरेना.

मग उरलेला पुरावा चाचपला. जपानमधल्या २००९ च्या चाचणीत तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत दोन्ही उपचारांनी काहीच वेगळे साधले नाही. तिथलीच २०१० ची चाचणी ३.१ ते ५ सेंटिमीटरच्या गाठींची, अवघ्या ३७ रुग्णांची. नुसत्या आरएफएनंतर तीन वर्षांत त्याच जागी गाठ पुन्हा वाढण्याचे प्रमाण ३९ टक्के, दोन्ही केल्यावर ६. आयुष्य वाढल्याचे मात्र सिद्ध झाले नाही. २०१३ मध्ये ग्वांगझूच्या संशोधकांनी सात सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या १८९ रुग्णांचा हिशेब दिला: चार वर्षांनी दोन्ही उपचारांच्या गटात ६१.८ टक्के हयात, नुसत्या आरएफएच्या गटात ४५.

आता आरएफएच्या जागी मायक्रोवेव्ह येऊ लागले आहे. त्याची आच वेगाने चढते आणि वाहत्या रक्ताला कमी जुमानते. मग आधी रक्त अडवण्याची गरज तेवढीच उरते का? ग्वांगझूचे आकडे या नव्या जोडीला जसेच्या तसे चिकटवणे मला पटत नाही.

स्नेह्यांना दुसऱ्यांदा नेऊन दिली ती २०१३ च्या लेखाची प्रत. तो मागे घेतलेला नाही, हे आधी दोनदा तपासले. त्यांनी चष्मा लावला, पहिले पान उलटले आणि विचारले, “यातल्या लोकांची गाठ केवढी होती?”